पाटीची पावती

'ट्रॅफिक जॅम'ला मराठीत 'वाहतूक कोंडी' म्हणतात हे मला पुण्यात होस्टेलला आल्यावर, पेपर वाचताना कळलं. हसू नका! दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरातलं आणि आजीच्या तोंडचं. छापील मराठीशी ओळख जरा उशिराच झाली. (तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळानं पोटात घालाव्यात, ही नम्र विनंती.) तर हा शब्द मी आजीला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "कोंडी? म्हंजी कोंडवाडाच की गं!"

ज्यांनी कोंडवाडा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. मोकाट सुटलेली, दुसऱ्याच्या पिकात घुसलेली जनावरं धरून ग्रामपंचायत जिथं डांबून ठेवते तो कोंडवाडा. मालकानं दंड भरला की जनावर सुटतं. आजीचं म्हणणं असं, की पुण्यात माणसं आपल्या पायांनी, पेट्रोल भरून कोंडवाड्यात शिरतात. आणि पैसे भरूनही सुटका नाही ती नाहीच!

हे सगळं बोलणं चाललं होतं एस.टी.मध्ये, हडपसरच्या अलीकडे, पंधरा नंबरच्या स्टॉपपाशी. गेली वीस मिनिटं आमची गाडी तिथंच उभी होती.

आमचं गाव सुपे. बारामती तालुक्यातलं. सोलापूर रोडवर चौफुल्याला आत वळलं आणि मोरगावच्या दिशेनं निघालं की लागतं. अष्टविनायक यात्रा केलेल्यांनी ते खिडकीतून पाहिलेलं असणार. शेजारी मयूरेश्वर अभयारण्य आहे, तिथं चिंकारा हरणं आहेत. बाकी आमचा भाग जिरायती, म्हणजे पावसाच्या भरवशावरचा. बारामती म्हटलं की लोकांना ऊस आठवतो, तो ऊस नीरा डाव्या कालव्याच्या बाजूला. आमच्याकडे ज्वारी, बाजरी आणि आभाळाकडे बघणं!

आजीच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात झालेलं होतं. दुसरा डोळाही तिथंच दाखवायचा, हा तिचा हट्ट. म्हणून शनिवार-रविवार घरी जाऊन सोमवारी मी तिला घेऊन निघाले. सातला सुप्यातून निघालो. पंधरा नंबरला पावणेनऊ. इथपर्यंत साठ-एक किलोमीटर झाले होते. इथून स्वारगेट जेमतेम दहा-अकरा किलोमीटर. आम्ही स्वारगेटला उतरलो तेव्हा घड्याळात सव्वादहा! तिथून शहर बस, मग थोडं चालणं. हॉस्पिटलच्या खिडकीपाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. केसपेपरची खिडकी अकराला बंद होते.

खिडकीतला माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "ताई, डॉक्टर आता ऑपरेशनला गेले. पुढच्या सोमवारी या, लवकर या."

लवकर म्हणजे किती लवकर? आम्ही सातलाच निघालो होतो!

आजी काही बोलली नाही. तिथल्याच पायरीवर बसून तिनं भाकरी सोडली. परतीच्या गाडीत मात्र म्हणाली, "एका डोळ्यानं दिसतंय तेवढं पुरं झालं. आता न्हाय यायचं मला." तिची समजूत काढायला पुढे अडीच महिने लागले. या अडीच महिन्यांत ती एकदा उंबऱ्याला अडखळून पडली. सुदैवानं हाड मोडलं नाही.

मित्रांनो, ट्रॅफिकवर निबंध आपण शाळेपासून लिहितो. 'वाढती लोकसंख्या', 'अरुंद रस्ते', 'नागरिकांमध्ये शिस्तीचा अभाव', 'प्रदूषणाची समस्या' असे चार मुद्दे, शेवटी एक सुविचार आणि दहापैकी सात मार्क! पण त्या दिवशी हडपसरच्या कोंडीत आजीनं मला तीन प्रश्न विचारले, आणि माझ्या लक्षात आलं की या विषयाचा पहिला धडासुद्धा मी शिकलेले नाही.

पहिला प्रश्न होता, "एवढ्या गाड्यांत माणसं किती हायती?"

काही उद्योग नव्हताच, म्हणून मी खिडकीतून मोजलं. शेजारच्या लेनमधल्या वीस कारमध्ये मिळून सत्तावीस माणसं. आमच्या एकट्या एस.टी.त उभे धरून बावन्न. वीस कार एकामागोमाग लावल्या तर शंभर मीटरची रांग होते. आमची बस लांबीला बारा मीटरसुद्धा नसेल. म्हणजे आठपटीहून जास्त रस्ता अडवून तिकडची माणसं आमच्या निम्मीच होती. आणि तरीही सिग्नल सुटला की दोघांना सारखाच वेळ. रस्त्याला माणसं दिसत नाहीत, त्याला फक्त गाड्या दिसतात. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात आपल्या केंद्र सरकारनं मान्य केलंय, की रस्त्याच्या जागेची वाटणी करताना वाहनं नाही, तर माणसं डोळ्यांसमोर हवीत. कागदावर आजी आणि सरकार यांचं एकमत आहे!

दुसरा प्रश्न असा, की "रस्ता आजून मोठा का न्हाय करत?"

हा प्रश्न आपल्या सगळ्यांनाच पडतो. याचं उत्तर मला आमच्या ट्रॅफिक इंजिनिअरिंगच्या तासाला मिळालं, पण खरं समजलं ते उसावरून. आमच्याकडे पाणी आलं की काय होतं? जानाई-शिरसाई योजनेचं आवर्तन ज्या शिवारात पोचलं तिथं लोक आधी म्हणतात, आता चिंता मिटली. मग जो तो ऊस लावायचा विचार करतो. ऊस वाढला की पाणी पुन्हा कमी! आणि शेवटच्या टोकाचा शेतकरी होता तिथंच. पाणी वाढलं म्हणून टंचाई मिटली नाही, कारण पाण्याबरोबर तहानही वाढली.

रस्त्याचं अगदी तसंच आहे. रस्ता रुंद झाला की पहिले काही महिने मजा. मग जे बसनं जायचे ते गाडी काढतात, जे लांब राहायला तयार नव्हते ते लांब फ्लॅट घेतात, आणि रस्ता पुन्हा भरतो. अँथनी डाऊन्स नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९६२ मध्येच हे लिहून ठेवलं होतं, की शहरातल्या मोठ्या रस्त्यांवरची ऐन गर्दीच्या वेळची वाहतूक रस्त्याची क्षमता संपेपर्यंत वाढत जाते. आमच्या बारामतीच्या कोणत्याही शेतकऱ्याला हे डाऊन्सशिवाय कळलं असतं.

पुण्यातलीच उदाहरणं घ्या ना. विद्यापीठ चौकात २००६ च्या सुमारास पूल बांधला, आणि २०२० मध्ये मेट्रोच्या कामासाठी तोच पाडला. मग तिथं दुमजली पूल बांधायला घेतला, त्याची एक बाजू २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर स्फोटकं लावून पाडला. आमच्या होस्टेलमधल्या अर्ध्या मुली तो टी.व्ही.वर बघायला जाग्या होत्या, असं सीनियर्स सांगतात! तिथला नवा पूल २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला. पूल नकोतच असं मी म्हणत नाही. मी स्वतः इंजिनिअर होणार आहे, पूल बांधायला मला आवडेल. पण नुसता पूल म्हणजे एका चौकातली कोंडी उचलून पुढच्या चौकात नेऊन ठेवणं. त्या पुलावरून बस आधी जाणार की नाही, हे ठरवल्याशिवाय पुलाचं काम पूर्ण झालं असं मानू नये.

तिसरा प्रश्न मात्र आजीचा स्वतःचा. तो मी कुठल्याच पुस्तकात वाचला नव्हता.

गाडी रखडत रखडत चालली होती. रस्त्याच्या कडेला कारची लांबच लांब रांग उभी. आजीनं निरखून पाहिलं. "या गाड्यांत तर कुणीच न्हाय. या कशाला हुब्या?"

"पार्क केल्यात, आजी."

"जागेचं भाडं किती देत्यात?"

"काही नाही. रस्त्यावरच तर आहेत."

"फुकट?" आजी माझ्याकडे वळून बसली. "अगं, मी बाजारात एका पाटीला धा रुपयं भरते!"

इथं थोडं थांबून आमच्या बाजाराची गोष्ट सांगायला हवी. आजी आठवडे बाजाराला मेथी, कोथिंबीर, वांगी असं जे घरचं असेल ते घेऊन बसते. ग्रामपंचायतीचा माणूस पावतीपुस्तक घेऊन फिरतो. पाटी घेऊन बसलेल्या बाईला कमी पैसे, ताडपत्री पसरणाऱ्याला जास्त, टेम्पो आत आणून माल विकणाऱ्याला त्याहून जास्त. जेवढी जागा अडवाल तेवढे भरा. यात कुणाला अन्याय वाटत नाही. उलट टेम्पोवाल्यानं पाटीएवढे पैसे दिले असते तर बायकांनी त्याला पळवून लावलं असतं! आणि जागेला पैसे पडतात म्हणूनच बाजारात वाटेपुरती जागा राहते. फुकट असतं तर पहाटेच चार टेम्पोवाल्यांनी अख्खा बाजार अडवला असता.

आता पुण्याचा हिशोब करू. एक कार लावायला साधारण पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद जागा लागते. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, १३५ चौरस फूट. आमची होस्टेलची खोली दहा बाय बारा, म्हणजे १२० चौरस फूट. तिच्यात तीन मुली, तीन कॉट, तीन टेबलं, बादल्या, दोऱ्या, वाळत घातलेले कपडे आणि एक इंडक्शन शेगडी (रेक्टर मॅडम, हे वाक्य छापू देऊ नका!) एवढं सगळं मावतं. आणि या खोलीचे आम्ही दर सेमिस्टरला पैसे भरतो. तिच्यापेक्षा मोठी जागा, तीही शहरातल्या महागड्या रस्त्यावर, एका रिकाम्या गाडीला दिवसभर फुकट मिळते. ती जागा कुणाची? तिथं फुटपाथ होऊ शकला असता, सायकलची वाट होऊ शकली असती. पुणे एके काळी सायकलींचं शहर होतं म्हणे! बसला एक अख्खी मोकळी लेन मिळाली असती. म्हणजे फुकट काही नसतं. त्या गाडीची पावती आजीनं फाडली. तिच्या सकाळच्या दीड तासातून, बंद झालेल्या खिडकीतून आणि नंतरच्या अडीच महिन्यांच्या धूसर दिसण्यातून.

पुणे महापालिकेनं असा विचार केलाच नाही असं नाही. मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर झालं. पण विरोध एवढा झाला की ते मोजक्या रस्त्यांवर प्रयोग करण्यापुरतं उरलं, आणि तेही रखडलं. विरोध कोण करतं? ज्याची जागा जाते तो. आजी विरोध करायला महापालिकेत जाऊ शकत नाही, ती अजून पंधरा नंबरलाच असते!

जगात हा प्रयोग जुना आहे. सिंगापूरनं १९७५ मध्येच शहराच्या मध्यभागात सकाळी येणाऱ्या कारवर शुल्क लावलं. गंमत म्हणजे चार किंवा जास्त माणसं असलेल्या कारला त्यातून सूट होती. म्हणजे आजीचा पहिला प्रश्न त्यांनी विचारला होता! लंडननं फेब्रुवारी २००३ मध्ये दिवसाला ५ पौंड शुल्क सुरू केलं, आणि त्याच वेळी बस वाढवल्या. न्यूयॉर्कनं जानेवारी २०२५ मध्ये सुरू केलं. पण मला सगळ्यात आवडतं ते स्टॉकहोमचं उदाहरण. तिथल्या लोकांचा आधी विरोधच होता. सरकारनं सांगितलं, सहा-सात महिने करून बघू, मग तुम्हीच मत द्या. जानेवारी ते जुलै २००६ प्रयोग झाला. शहरात शिरणारी वाहतूक साधारण वीस टक्क्यांनी कमी झाली. सप्टेंबरमध्ये मतदान झालं, लोकांनी होकार दिला, आणि २००७ पासून शुल्क कायमचं सुरू झालं. लोकांना उपदेश नको होता, त्यांना मोकळा रस्ता एकदा डोळ्यांनी बघायचा होता.

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, "वा! बोलायला काय जातं? तू स्वतः कशानं फिरतेस?"

हाच माझा दुखरा भाग आहे, म्हणून तो लपवत नाही. दुसऱ्या वर्षाचा निकाल ऑल क्लिअर लागला आणि पप्पांनी ठरल्याप्रमाणे मला सेकंडहँड स्कूटर घेऊन दिली. बाजरीचे पैसे आले होते त्यातून. मी 'नको' म्हणाले नाही. आजीची कोंडी स्वतः पाहिलेली असूनही म्हणाले नाही! कारण सुट्टीतली इंटर्नशिप होस्टेलपासून नऊ किलोमीटरवर होती. स्कूटरवर पंचवीस-तीस मिनिटं. बसनं, थांबणं आणि बदलणं धरून, सव्वा तास. संध्याकाळी साडेसातनंतर स्टॉपवर एकटीनं उभं राहायचं ते वेगळंच. आठला होस्टेलचं गेट बंद होतं. तुम्ही काय केलं असतं?

म्हणून मला वाटतं, गाडीवाल्यांना शिव्या देऊन काही होणार नाही. कोंडीत अडकलेला प्रत्येक जण आपापल्या परीनं शहाणाच असतो. एवढे सगळे शहाणे एका वेळी एका रस्त्यावर आले की कोंडी होते. हा गुंता माणूस एकेकटा सोडवू शकत नाही. मी एकटीनं स्कूटर विकली तर मला उशीर होईल, रस्ता मोकळा होणार नाही. म्हणूनच हे काम सरकारचं आहे. जे सगळ्यांनी मिळून केलं तरच उपयोगी पडतं ते करायला तर सरकार असतं!

मग सरकारनं करावं तरी काय? तृतीय वर्षाच्या विद्यार्थिनीनं सरकारला सल्ला द्यावा हे जरा अतीच, पण मासिक आपलंच आहे, तेव्हा देऊन टाकते.

आधी बस. पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र करून २००७ मध्ये पीएमपीएमएल झाली. केंद्र सरकारच्या निकषानुसार चांगल्या सेवेसाठी दर लाख लोकांमागे साठ बस हव्यात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या धरली तर आपण त्याच्या निम्म्यावरही धड नाही. १ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्यात 'बस डे' साजरा झाला होता, त्या दिवशी जास्तीच्या बस रस्त्यावर आल्या आणि लोक उत्साहानं बसनं गेले. म्हणजे पुणेकर बसमध्ये बसतो, फक्त बस यायला हवी! गावाकडचं उदाहरण तर ताजं आहे. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, आणि आमच्याकडच्या गाड्यांत बायकांना बसायला जागा मिळेना. चांगली सोय दिली की लोक आपणहून येतात.

बसबरोबर बसची वाट. आजी आणि मी ज्या रस्त्यावर अडकलो होतो, त्याच कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर डिसेंबर २००६ मध्ये पुण्याच्या बी.आर.टी.चा पहिला प्रयोग सुरू झाला. बसला रस्त्याच्या मधोमध वेगळी मार्गिका! कोलंबियातल्या बोगोटा शहरानं २००० मध्ये हेच करून दाखवलं होतं. आपल्याकडे मात्र मार्गिका मध्येच तुटायची, चौकात संपायची, इतर गाड्या आत घुसायच्या आणि म्हाताऱ्या माणसाला मधल्या स्टॉपपर्यंत रस्ता ओलांडणं म्हणजे दिव्य. मग लोक म्हणाले बी.आर.टी. फसली. नगर रस्त्यावरच्या मार्गिकेचा काही भाग तर २०२३ मध्ये काढूनच टाकला. पण शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये २०१५ पासून रुंद रस्त्यांवर ती बऱ्यापैकी चालते. मला वाटतं, अर्धी विहीर खणून पाणी लागलं नाही म्हणण्यासारखं हे झालं. मेट्रो आली, सप्टेंबर २०२४ पासून ती जमिनीखालून स्वारगेटपर्यंत पोचली, याचा आनंदच आहे. पण मेट्रो प्रत्येक गल्लीत जाणार नाही. स्टेशनपर्यंत पोचायला बस आणि फुटपाथच लागणार.

त्यानंतर पावती. आधी बस, मग पावती, हा क्रम महत्त्वाचा. उलटं केलं तर ती नुसती वसुली. आणि पावती जागेप्रमाणे. रस्त्यावर लावलेल्या कारला जास्त, दुचाकीला कमी. डिलिव्हरीवाल्या मुलाला आणि कंपनीच्या गाडीला एकच दर नको. पाटी आणि टेम्पो यांतला फरक ग्रामपंचायतीला कळतो, तर महापालिकेलाही कळायला हरकत नाही! जमलेला पैसा बसवरच खर्च झाला पाहिजे आणि त्याचा हिशोब प्रत्येक स्टॉपवर लावला पाहिजे. नाहीतर लोक म्हणणार, पैसे गेले कुठं? आणि ते बरोबरच असेल.

हिशोबावरून आठवलं. आमच्या सुप्याचं नाव इतिहासात आहे ते हिशोबामुळेच. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली. दख्खनचा उठाव म्हणतात तो तिथं सुरू झाला. इंग्रज सरकारनं आधी पोलीस आणि सैन्य पाठवलं. पण नंतर त्यांना आयोग नेमावा लागला, शेतकरी कर्जात का बुडतो हे शोधावं लागलं, आणि १८७९ मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला. ट्रॅफिकमध्ये आपण अजून पहिल्याच पायरीवर आहोत असं मला वाटतं. चौकात पोलीस वाढवा, पावत्या फाडा, सिग्नल बदला. मूळ वही कुणी उघडत नाही. रस्ता कुणाच्या नावावर किती आहे आणि त्याचं व्याज कोण भरतंय, हे त्या वहीत लिहिलेलं आहे.

अजून एक गोष्ट राहिली. आजीला मुळात पुण्याला का यावं लागलं? बारामतीला २०१९ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथल्या सोयींवर लोकांचा भरवसा बसला, कॉलेजं, कंपन्या, हॉस्पिटलं तालुक्याच्या गावी चांगली झाली, तर हडपसरच्या कोंडीतल्या कितीतरी गाड्या घरून निघणारच नाहीत. पुण्याची कोंडी पुण्यातच सुटेल असं थोडंच आहे? थोडी ती बारामतीत आणि दौंडमध्येही सुटेल.

आता आजीचं सांगते. अडीच महिन्यांनी ती तयार झाली, पण एका अटीवर, की उशीर होता कामा नये. म्हणून आम्ही पहाटे साडेतीनला निघालो. पप्पांनी आम्हा दोघींना मोटारसायकलवर चौफुल्याला सोडलं. (हो, ट्रिपल सीट. माफ करा.) तिथून सोलापूरकडून येणारी रात्रीची एस.टी. मिळाली. हडपसर ते स्वारगेट त्या वेळी वीस मिनिटं लागली! तोच रस्ता, तेवढाच रुंद. सहाच्या आधीच आम्ही हॉस्पिटलच्या पायरीवर. अंधार, थंडी, आणि आमच्याआधी तिथं दहा-बारा जण बसलेले. कुणी इंदापूरचे, कुणी शिरूरचे. सगळे म्हातारे, सगळ्यांच्या अंगावर घोंगडी नाहीतर चादर. कोंडी चुकवायला सगळे झोप मोडून आले होते. ज्यांच्याकडे गाडी आहे ते कोंडीत एसी लावून बसतात. ज्यांच्याकडे नाही ते पहाटे पायरीवर बसतात. या म्हाताऱ्यांची नोंद ट्रॅफिकच्या कुठल्या सर्व्हेत होत असेल?

ऑपरेशन छान झालं. आजीला आता दोन्ही डोळ्यांनी दिसतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी स्कूटर घेऊन गावी गेले. बाजाराचा दिवस होता. आजीला डबा द्यायला म्हणून थेट बाजारात शिरले आणि तिच्या पाटीशेजारी स्कूटर स्टँडवर लावली. शेजारच्या भाजीवाल्या मावशींना सरकून बसावं लागलं. तेवढ्यात पावतीवाला आला. आजीनं कमरेची चंची सोडली, दहाच्या दोन नोटा काढल्या आणि त्याला म्हणाली,

"एक पाटीची फाड. आन् एक हिच्या गाडीची."

तो हसला, मावशी हसल्या. मीही हसले. पण त्यानं खरोखरच दोन पावत्या फाडल्या आणि आजीनं एक माझ्या हातात दिली. ती पावती सध्या होस्टेलच्या खोलीत, माझ्या टेबलावरच्या काचेखाली आहे. इंटर्नशिपचा पहिला पगार झाला तेव्हा आजीचे दहा रुपये मी परत करायला गेले, तर म्हणाली, "मला कशाला? तितल्या रस्त्याला दे."

कुणाकडे भरायचे ते सांगा, मी भरायला तयार आहे. फक्त स्टॉपवर बस येऊ दे.